प्रतिसाद : आजोबा आणि ट्रान्झिस्टर

तुमच्या शॉर्टफिल्ममधल्या ट्रान्झिस्टरवाल्या आजोबांच्या भूमिकेला कॉलेजातल्याच मुलाला पांढरी दाढी लावायची, असं वरच्या चर्चेत ठरत आलेलं दिसतंय. कृपया नको! रंगमंचावर दहाव्या रांगेतून खपतं ते. क्लोजअपमध्ये डिंक दिसतो. 'कोर्ट' (२०१४) या मराठी सिनेमात बरेच जण व्यावसायिक नट नव्हते, आणि तेच त्याचं बळ होतं. वाड्यातले, सोसायटीतले एखादे काका शोधा. त्यांना संवाद पाठ करायला लावू नका, प्रसंग सांगा आणि काहीतरी काम द्या, सुपारी कातरणं, चष्मा पुसणं. हात गुंतले की माणूस कॅमेरा विसरतो. (जेवणाची वेळ मात्र पाळा. आमच्या फिल्ममधले काका साडेबाराला उठून सरळ घरी गेले होते, निम्मा सीन राहिला.)

सामानासाठी पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. ट्रान्झिस्टर बंद पडलेला घ्या, चालू कशाला हवा? आवाज नंतर टाकायचाच आहे. कथा १९८५ची आहे म्हणता, तर फ्रेममधून आधी काय काढायचं ते बघा: मॉड्युलर स्विच, प्लॅस्टिकची पाण्याची बाटली, भिंतीवरचं यंदाचं कालनिर्णय. नवं पितळी भांडं चकाकत असेल तर चिंच लावू नका, आणखी चकाकेल. त्यात चुलीवर दोनदा पाणी तापवा, काळं पडेल.

आणि चहाच्या कपात प्रत्येक टेकला (तोच शॉट पुन्हा घेताना) किती चहा होता त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आमचा कप एडिटिंगमध्ये आपोआप भरत होता.