दुसरीच्या पोरांबरोबर आत्ताची गाणी म्हणायची, तर कुठली घ्यावीत?

दुसरीच्या बाई

नमस्कार. मी शिरोली एमआयडीसीच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. पट 27. संगीताला वेगळे शिक्षक नाहीत, मला पेटी येत नाही. शनिवारी दप्तराशिवाय शाळा असते, तेव्हा परिपाठ झाला की अर्धा तास मी गाणी घेते. साधन म्हणजे माझा मोबाइल आणि एक ब्लूटूथ स्पीकर.

सुरुवातीला मला पाठ असलेली बालगीतं घेतली. पोरं गप बसून ऐकायची, पण म्हणायची नाहीत. सात जणांच्या घरी भोजपुरी बोलतात, दोघींच्या घरी कन्नड. आणि खरं सांगायचं तर मराठी घरातल्या पोरांनाही ती गाणी कुणी म्हणून दाखवलेली नव्हती. मग एका शनिवारी विचारलं, तुम्हाला अख्खं येतं असं एक गाणं सांगा. फळ्यावर 14 गाणी झाली. बहुतेक गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बीवर वाजलेली, उरलेली मोबाइलमधली. आमच्या वर्गात एक मुलगा नवीन आलाय, महिनाभर माझ्याशी मराठीत एक वाक्य बोलला नव्हता. त्यानं 'झिंगाट'चं धृपद एका दमात म्हटलं. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं "ए, तुला येतंय?" म्हणून त्याला हलवलं, आणि दोघं मिळून पुन्हा म्हणाली. त्या दिवशी ठरवलं, गाणी यांच्याकडचीच घ्यायची. सगळ्या वर्गाला माहीत असलेलं दुसरं काही माझ्याकडे नाहीच.

पण निवडताना गडबड होतेय. 14 पैकी निम्म्या गाण्यांत सात वर्षांच्या पोरानं म्हणू नये असं काहीतरी आहे. एका गाण्यातला एक शब्द मी बदलून दिला, तर त्या जागेवर आल्यावर सगळा वर्ग मूळ शब्द जास्तच जोरात ओरडला. दुसरी गोष्ट आवाजाची. तीन गाणी झाली की पोरं गातच नाहीत, नुसती किंचाळतात. मागच्या सोमवारी चौघांचा घसा बसला होता. मला फार वाईट वाटलं, कारण ते माझ्या तासामुळं झालं.

गाणी कशी निवडता? कुठली चालतील? कुणी प्राथमिकला गाणी घेत असेल तर सविस्तर सांगा.

कराओके_कोल्हापूर

मॅडम, मी कार्यक्रमांत गातो. 'झिंगाट' लहान पोरांना अजिबात देऊ नका. अजय गोगावले ज्या उंचीवर गातात तिथं आम्हा मोठ्यांचा घसा ताणतो. कराओके ॲपमध्ये गाण्याची पट्टी, म्हणजे सुरांची उंची, अर्ध्या अर्ध्या सुरानं खाली-वर करता येते, तेवढं शिकून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

पेटीवाले

बाई, मी 31 वर्षं शाळेत संगीत शिकवलं, आता निवृत्त आहे, देवल क्लबच्या मैफिली ऐकत दिवस जातात. तुमचं निदान बरोबर आहे, फक्त उलट्या टोकानं सुरुवात करा. आधी गळा बघा, शब्द नंतर.

सात वर्षांच्या मुलाच्या स्वरतंतूंची लांबी कमी असते. मुलगा असो की मुलगी, या वयात आवाज सारखाच, पातळ आणि उंच. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी, 'सा' धरली, तर सा पासून वर पंचमापर्यंत ('प'), फार तर धैवतापर्यंत ('ध') ही मुलं आरामात गातात. काळ्या-पांढऱ्या मिळून दहा पट्ट्या होतात. एवढंच माप लक्षात ठेवा. मोबाइलवर पियानोचं फुकट ॲप घ्या, गाण्यातला सगळ्यात खालचा सूर शोधा, सगळ्यात वरचा शोधा, मधल्या पट्ट्या मोजा. दहात मावलं तर गाणं मुलांचं. पंधरा-सोळा झाल्या तर ते गायकाचं आहे, ऐकायला ठेवा.

आत्ताच्या सिनेमातल्या बऱ्याच गाण्यांचा मुखडा, म्हणजे सुरुवातीच्या ओळी, खाली सुरू होतो आणि अंतरा, म्हणजे पुढचं कडवं, एकदम वरच्या सप्तकात जातो. ऐकताना अंगावर काटा येतो तो त्यामुळंच. पण मुलाला खालचा सूर लागत नाही म्हणून ते पुटपुटतं, वरचा लागत नाही म्हणून किंचाळतं. मधे गाणं असं उरतच नाही. तुमच्या चौघांचे घसे इथंच बसले असणार.

म्हणून अख्खं गाणं घ्यायचा हट्ट सोडा. 'गरजा महाराष्ट्र माझा' 2023 साली राज्यगीत झालं तेव्हा मूळ गाण्यातली दोनच कडवी घेतली, तुमच्या परिपाठाला तीच होत असतील. राज्यगीताला हे चालतं, तर सिनेमाच्या गाण्याचं नुसतं धृपद घेतल्यानं काही बिघडत नाही. चार ओळी म्हणायच्या, मधे टाळ्या, पुन्हा त्याच चार ओळी.

दुसरं, स्पीकर बंद करा. हे मी फार कळकळीनं सांगतोय. स्पीकर चालू असला की मूल त्याच्या वर आवाज काढायला बघतं, शेजारच्याचा आवाज त्याला ऐकूच येत नाही, आणि शेजारच्याचा आवाज ऐकल्याशिवाय सूर जुळत नाही. गाणं एकदा ऐकवा, मग स्पीकर बाजूला. तुम्ही एक ओळ म्हणा, त्यांनी तीच म्हणायची. तुम्ही बाई आहात ही इथं फार मोठी सोय आहे. आम्ही पुरुष एक सप्तक खाली गातो. पहिली-दुसरीची मुलं माझ्या आवाजाला आवाज जुळवायला जायची आणि घोगरी व्हायची, म्हणून मी गायचोच नाही, पेटीवर ओळ वाजवून द्यायचो.

आता गाणी. 'कट्यार काळजात घुसली' या 2015 च्या चित्रपटातल्या 'सूर निरागस हो'चा मुखडा संथ आहे, मुलं श्वास घेऊन म्हणू शकतात. आलाप आणि ताना सोडून द्या. 'तारे जमीन पर'मधलं 'बम बम बोले' हिंदी आहे, मुलांच्या खेळाचंच गाणं आहे, तुमच्या भोजपुरी घरातल्या पोरांना पुढं उभं करायला चांगलं. त्यातला भराभर म्हणायचा भाग तुम्ही म्हणा, मुलांनी फक्त परत परत येणारी ओळ. दोन्हींची चाल शंकर-एहसान-लॉय यांची आहे, जमलं तर मुलांना हेही सांगा. चाल कुणीतरी बसून बांधतं हे त्यांना माहीतच नसतं. आणि 2023 साली घराघरांत वाजलेलं 'आमच्या पप्पांनी गणपती आणला' लहान मुलांच्याच आवाजात आहे, त्यामुळं पट्टी शोधायची कटकट नाही.

जुने लोक म्हणतील की सिनेमाची गाणी शाळेत कशाला. त्यांना गीतकार जगदीश खेबुडकरांची आठवण करून द्या. ते शिक्षकच होते. त्यांनी लिहिलेलं 'ऐरणीच्या देवा' 1965 साली नव्या सिनेमाचं नवं गाणं होतं.

राजारामपुरीतली आई

माझी मुलगी पहिलीत आहे, पालक म्हणून लिहिते. बाई, शब्द बदलू नका. मूळ गाणं पोरांच्या कानात बसलेलं असतं, बदललेला शब्द म्हणजे त्यांना कोडं वाटतं, आणि का बदलला हे घरी येऊन आम्हाला विचारतात. चालत नसेल ते गाणं घेऊ नका, किंवा ती ओळ आली की सगळ्यांनी गुणगुणायचं. माझ्या मुलीच्या बाई तसंच करतात. तोंड मिटून गुणगुणताना मुलं ओरडूच शकत नाहीत, हे मला घरी बघून कळलं.

आणखी एक विनंती. मागच्या वर्षी एका गॅदरिंगचा व्हिडिओ कुणीतरी न विचारता टाकला आणि लहान मुलींच्या नाचाखाली नको ते लिहिलं गेलं. ती मुलगी आमच्या नात्यातली. तिनं नंतर नाच सोडला. गाणी खुशाल घ्या, पण मोबाइल वर धरणाऱ्यांना थांबवा.

कराओके_कोल्हापूर

ताई, अगदी बरोबर. गाण्याच्या हक्काचं पण सांगतो. शाळेच्या कार्यक्रमात शिक्षक आणि विद्यार्थ्यांनी गाणं म्हणायला 1957 च्या कॉपीराइट कायद्यात, कलम 52 मध्ये सूट आहे. तेच यूट्यूबवर टाकलं की ती सूट धरून चालू नका, गाण्याच्या कंपनीचा दावा येऊ शकतो.

दुसरीच्या बाई

सर, ताई, दादा, खूप आभार. काल शनिवार होता, म्हणून आज लिहितेय.

फळ्यावरची 14 गाणी घरी बसून पियानोच्या ॲपवर मोजली. दोन संध्याकाळी गेल्या. दहा पट्ट्यांत अख्खी मावली फक्त तीन. नुसतं धृपद धरलं तर सहा. त्यांतली दोन शब्दांमुळं काढली. मग सरांनी सांगितलेली दोन घेतली आणि संजू राठोड यांचं 'गुलाबी साडी'. ते मुलींनी फारच लावून धरलं होतं. सुरुवातीच्या ओळीच घेतल्या, मुलं न ताणता म्हणतात.

स्पीकर बंद केल्यावर पहिली दोन मिनिटं वर्ग एकदम शांत झाला, मला वाटलं फसलं. मी ओळ म्हटली, पाच-सहा आवाज आले. पुन्हा म्हटली, मग सगळे. पहिल्यांदा मला माझ्या वर्गाचा आवाज ऐकू आला. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी किती सुरात म्हणते हे मला जूनपासून माहीत नव्हतं.

'बम बम बोले'ला भोजपुरी घरातली चौघं पुढं आली आणि हिंदी शब्दांचा अर्थ बाकीच्यांना सांगायला लागली. ज्याला मराठी बोलायचा संकोच होता तो त्यांत होता.

'झिंगाट' मात्र पोरं सोडेनात. सर, मी ते गायला दिलं नाही. शाळेत लेझीम आहेत, चौथीच्या एका मुलाच्या घरची हलगी आणली. गाणं वाजवलंच नाही, फक्त त्याचा ठेका हलगीवर धरला आणि पोरांनी लेझीम खेळली. घसा कुणाचाच बसला नाही.

एक अडचण राहिली. मी पांढरी दोनवरून सुरू करते, पण दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत सगळा वर्ग वर सरकलेला असतो, आणि मीही त्यांच्याबरोबर.

पेटीवाले

जोशात सुरू केलं की वर्ग वर सरकतो, दमला की खाली उतरतो. मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप लावून बारीक आवाजात चालू ठेवा, आणि प्रत्येक फेरीच्या आधी सगळ्यांकडून एक लांब 'सा' लावून घ्या. माझ्याकडं एक लहान पेटी पडून आहे. भाता थोडा गळतो, तो मी दुरुस्त करून घेतो. शाळेचा पत्ता खासगी निरोपात पाठवा, पुढच्या शनिवारी घेऊन येतो.