बाबांना हृदय, किडनी, मधुमेह सगळं एकत्र – औषधांचा मेळ कोणाकडून घालून घ्यावा?

नमस्कार मंडळी,

बाबांबद्दल सल्ला हवा आहे. वय ७४. मधुमेह आणि बीपी जुनेच. हृदयाचं पंपिंग कमी झालंय (ईएफ ३५ टक्के), किडनीही मंदावली आहे (ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याचा वेग, ३८), हिमोग्लोबिन ९.८, शिवाय दोन्ही गुडघे झिजलेले. हृदयाचे, किडनीचे, शुगरचे आणि हाडांचे असे चार डॉक्टर. चौघंही नीट वेळ देऊन बघतात, कोणाबद्दल तक्रार नाही. पण एकाने सुधारलेलं दुसऱ्याच्या रिपोर्टात बिघडलेलं दिसतं, आणि सगळं एकत्र बघणारं कोणीच नाही.

सगळ्यात मोठी ओढाताण अंगातल्या पाण्याची. पायावर सूज आणि आडवं झालं की धाप, म्हणून फुरोसेमाइड (लघवीवाटे पाणी काढणारी गोळी) वाढवलं. धाप थांबली, बाबा उशीवर डोकं टेकून झोपायला लागले. पण पुढच्या तपासणीत क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढतं ते) १.८ वरून २.२. किडनीच्या डॉक्टरांनी गोळी कमी केली, की वजन पुन्हा चढायला लागतं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, काही खाण्याआधी वजन करून वहीत लिहिते, त्यामुळे हा खेळ तारखेवार दिसतो.

आता मला खरी शंका आहे ती सुजेचीच. धाप तर फुरोसेमाइडने गेली, पण घोट्यापाशी थोडी सूज राहिलीच आहे. बाबांना बीपीसाठी अॅम्लोडिपिन चालू आहे, आणि त्या गोळीनेही घोटे सुजतात. ती सूज पाणी साचल्याची नसते, त्यामुळे लघवीच्या गोळीने फारशी हटत नाही. मग उरलेली सूज हृदयाची की गोळीची? गोळीची असेल, तर तिच्यासाठी फुरोसेमाइड वाढवून आपण किडनी विनाकारण दमवतोय. हा प्रश्न कोणाला विचारायचा? बीपीची गोळी एकाची, सुजेची दुसऱ्याची.

त्यात चक्कर. झोपून बीपी १३८, उठून उभं राहिल्यावर मिनिटाभरात १०८. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर लक्ष द्यावं लागतं, इथे तर ३० उतरतोय. दवाखान्यात मात्र कायम खुर्चीत बसवूनच मोजतात. बाबा पलंगाची कड धरून उभे राहतात आणि डोळे मिटून थांबतात, तेव्हा माझा जीव खाली-वर होतो. या वयात पडून हाड मोडलं तर बाकीचे आजार कसे सांभाळायचे?

गुडघ्यासाठी लिहिलेली वेदनाशामक गोळी फार्मासिस्टनेच अडवली, देव त्याचं भलं करो. टेल्मिसार्टन (बीपीची दुसरी गोळी), लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक, तिघी एकत्र आल्या की किडनी अचानक बसू शकते. आता पॅरासिटामॉल आणि मलमावर भागवतोय.

शुगरचं तर वेगळंच. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.५, सगळे खूश. पण एका पहाटे उशी घामाने ओली, शुगर ६२. हात थरथरले नाहीत, धडधडही नाही. नंतर कळलं की हृदयासाठीची मेटोप्रोलॉल ही लक्षणं झाकते, घाम तेवढा उरतो. शिवाय किडनी मंद असली की ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळ्यांनी शुगर उतरण्याचा धोका वाढतो. रक्त कमी असताना एचबीए१सीवर पुरता भरवसाही ठेवता येत नाही. इतके आजार असलेल्या वृद्धांना ८ च्या आतलं एचबीए१सी पुरतं, असं वाचलंय. तुमच्या घरी कोणाची शुगरची गोळी अशा कारणाने बदलली का? हृदय आणि किडनी दोन्हींना फायद्याच्या म्हणून डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या शुगरच्या गोळ्या देतात, त्या सुरू झाल्यावर चक्कर वाढली का?

मनाने एकही गोळी बंद केलेली नाही, करणारही नाही. मला हवाय तो एक माणूस, जो सगळी औषधं समोर ठेवून सांगेल की यातलं कोणतं कशासाठी आणि कोणतं आता नको. जनरल फिजिशियन की वृद्धांचे तज्ज्ञ, तुम्ही कोणाकडे गेलात? आधीच्या डॉक्टरांना न दुखवता हे कसं मांडलंत? आणि हृदयाच्या डॉक्टरांची भेट लवकरच आहे, तिथे वजनाची वही आणि उभ्याने घेतलेल्या बीपीची नोंद दाखवून अॅम्लोडिपिनचा विषय मीच काढू, की आधी फिजिशियन गाठू?