आधी डोक्यात जायचे, आता डोक्यातून जात नाहीत

परवा इंदूरच्या रामबागेतलं घर रिकामं करत होतो. अप्पांना जाऊन तीन वर्षं झाली, आता तिथे बहुमजली मल्टी उभी राहणार. दादाने माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली दिली. वर जुनी पंचांगं, खाली तबकड्या. पहिलीच हातात आली ती गवई अमीर खाँसाहेबांची, १९६० ची. एका बाजूला मारवा राग, उलटली की दरबारी. आणि कव्हरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने, माझ्याच अक्षरात: 'झोपाळू बुवा'. सात-आठ वर्षांची असेन तेव्हा.

अप्पा ऑफिसातून आले की हातपाय धुऊन ही लावायचे. बरोबर दिवेलागणीला. आई देवापाशी, दादा ग्राउंडवर, मी पाढे घेऊन खाली सतरंजीवर. रेडिओ बंद व्हायचा याचा राग तर होताच, पण त्याहून जास्त म्हणजे ते गाणं सुरू झालं की पोटात कसंतरी व्हायचं. मी विचारायचे, "अप्पा, यांचं गाणं सुरू कधी होणार?" ते डोळे न उघडता म्हणायचे, "झालंय की."

लग्नानंतर चाळीस वर्षं मी या खाँसाहेबांच्या वाटेला गेले नाही. मग मागच्या डिसेंबरात देवासहून येताना क्षिप्रेच्या अलीकडे जाम. पुढे ट्रक, मागे ट्रक, उजव्या हाताला गव्हाच्या शेतावर सूर्य टेकलेला. लेकीच्या फोनवर गाणी आपोआप बदलत होती, त्यात हा मारवा लागला. 'पिया मोरे अनत देस'. गाडी इंचभर सरकेना आणि गाणंही सरकेना. पहिल्यांदाच आमची दोघांची लय जुळली. लेक बदलायला गेली तर मी तिचा हात धरला.

घरी येऊन शेजारच्या गाण्याच्या टीचरना विचारलं. त्या म्हणाल्या, काकू, मारव्यात पंचम, म्हणजे प, नाही आणि सा वर टेकायचं नाही. कोमल रे आणि ध यांच्यावरच सगळा खेळ. घर समोर दिसतंय पण आत जायचं नाही, असं. वेळही तीच, सूर्यास्ताची. तेव्हा पेटलं! दिवेलागणीची ती हुरहूर मी इतकी वर्षं खाँसाहेबांच्या खात्यावर मांडत होते. गणित मुळातच चुकलेलं.

तर तुमचं सांगा. कोण डोक्यात जायचं? शास्त्रीयच पाहिजे असं नाही, बॅण्डवाला असेल तरी चालेल. आणि हो, रेकॉर्ड प्लेअरची सुई इंदुरात कुठे मिळते?

पोहेवाला भिया
सुई जेल रोडला विचारा. बाकी ज्यांच्यामुळे आपल्या गावाच्या नावाचं घराणं झालं त्यांना झोपाळू म्हणणं म्हणजे पोह्यावर शेव नको म्हणण्यासारखं आहे. लहान होतात म्हणून माफ.

ठेका
माझा राग वेगळ्या कारणाने होता. मी तबला शिकत होतो. झुमरा ताल चौदा मात्रांचा, आणि खाँसाहेबांची लय अशी की दोन मात्रांच्या मधे खाली जाऊन दूध घेऊन यावं. वर तबलजीने नुसता ठेका धरायचा. कायदा नाही, रेला नाही, मधेच एखादी तिहाई टाकायची सोय नाही. सोळाव्या वर्षी माणूस तबला शिकतो तो हात दाखवायला. मला वाटायचं, हा तर मजूर करून ठेवलाय तबलजीला.

मग एकदा तिलकनगरात एका घरगुती बैठकीत ऐनवेळी साथीला बसवलं. गाणाऱ्या बाईंनी झुमराच काढला. दोन आवर्तनं गेली बरी. तिसऱ्यात मी समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आलो तेव्हा बाई अजून वाटेतच होत्या. कुणी काही बोललं नाही. बाईंनी फक्त मान वळवून बघितलं आणि हाताने 'हळू' केलं, लहान मुलाला जिन्यावरून उतरवतात तसं.

घरी आलो आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, एका मात्रेला तीन-तीन सेकंद देऊन, धिं ऽधा तिरकिट म्हणायला बसलो. करून बघा कुणीही. तो तिरकिट कुठे पडतो तिथेच सगळी मेख. पाच मिनिटांत मला घाम. मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतो हो! तो आवरायला सहा महिने लागले. आता ती रेकॉर्ड लावतो तेव्हा गाण्याआधी तबला ऐकतो. कोण बसलंय ते, आणि किती गप्प बसलंय ते.

सुदामानगरची सून
@ठेका, दूध घेऊन यावं! हाहाहा. कुकर लावलाय, नंतर सविस्तर लिहिते.

रात्रपाळी
मला अजूनही झोपच येते. पण झोप काय वाईट गोष्ट आहे का? रात्री दरबारी लावतो, झोपेची गोळी सुटली. डॉक्टर विचारतात काय केलंत, सांगितलं तर हसतात.

मल्हारगंजची मामी
माझे कुमारजी, म्हणजे कुमार गंधर्व. देवास तासाभरावर, तरी ते असेपर्यंत मी एकदाही ऐकायला गेले नाही, कारण आमच्या गाण्याच्या बाईंनी (नाव नको, आता नाहीत) ताकीद दिलेली: कुमार ऐकायचे नाहीत, ते तोडून तोडून गातात, वळण बिघडेल. आम्ही मुली त्यांची नक्कल करायचो. एक हात कानाशी, "उड जाएगा" म्हणायचं, थांबायचं, इकडेतिकडे बघायचं, "हंस अकेला". सगळ्या खी खी.

२०२१ च्या एप्रिलमध्ये कोविड. अकरा दिवस ऑक्सिजनवर. घरी सोडलं तेव्हा हातात ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र दिलं, नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर उचलायच्या. पहिला आठवडा एकच गोळी वर जायची. "अहो, पाणी द्या" एवढं वाक्यसुद्धा दोनदा थांबून म्हणायचे. एका दुपारी मुलाने निर्गुणी भजनं लावून दिली आणि तो खोलीबाहेर गेला. फोन लांब, उठून बंद करायची ताकद नाही, म्हणून ऐकलं. आणि मला पहिल्यांदा त्यांचा श्वास ऐकू आला. एक तुकडा, शांतता, पुढचा तुकडा. क्षयाने एक फुफ्फुस गेलेला माणूस, डॉक्टरांनी गाणं बंद केलेलं, वर्षानुवर्षं देवासला अंथरुणावर. खिडकीतून माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत पडलेला. आणि मग उठून असा गातो! आमची ती नक्कल आठवली आणि चादरीत तोंड घालून रडले. श्वास नव्हता पुरत, तरी रडले.

खमाज
मामी, बऱ्या आहात ना आता? काळजी घ्या.
एक सांगू का, राग मानू नका. नुसतं फुफ्फुसामुळे नव्हे. आजाराच्या आधीही ते लोकांना अचंब्यात पाडतच होते, दहा-अकराव्या वर्षापासून. शिवाय देवधर मास्तरांकडे शिकलेले, तिथे एकाच घराण्याची झापडं नव्हती. तुकड्यातुकड्यांनी मांडणं हा त्यांचा विचारही होता.

मल्हारगंजची मामी
असेल हो. तुम्ही जाणकार. माझ्या छातीला जेवढं कळलं तेवढं लिहिलं. आता तिन्ही गोळ्या वर जातात.

शंख
तलत महमूदचा तो थरथरता आवाज लागला की मी बाबांना म्हणायचो, यांना थंडी वाजतेय, शाल द्या कुणीतरी. आता पासष्टीत तोच ऐकतो, शाल मी घेतो.

मांडवीपार
बडोद्याहून. आमच्या घरी फैयाज खाँ म्हणजे आजोबांचं दैवत. सयाजीरावांचे दरबारी गवई, आफताब-ए-मौसिकी (संगीताचा सूर्य) वगैरे रोज ऐकावं लागे. ऐकायला मिळायच्या त्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या, निम्मी खरखर, आणि त्यातून तो भरदार खालच्या पट्टीतला आवाज. मला वाटायचं कुणीतरी कुणालातरी रागावतंय. आजोबा गेले, तबकड्या भंगारात गेल्या (माझाच शहाणपणा). पुढे कधीतरी नेटवर भैरवी सापडली, 'बाजूबंद खुल खुल जाए'. तोच रागावलेला माणूस, पण इतका लाडात आलेला! आजोबाही असेच होते खरं तर. शाळेतून आलो की आधी ओरडायचे, मग खिशातून पेपरमिंट.
भंगारवाल्याने चाळीस रुपये दिले होते. अजून आठवतं.

पोहेवाला भिया
बडोदेकर, तुमच्याकडे जिलबी फाफड्याबरोबर खातात म्हणे. पोह्याबरोबर खाऊन बघा, आणखी एक नावडतं आवडेल.

मांडवीपार
पोह्यावर गोड? तुमच्या गावात सगळंच मारवा आहे, कुठे टेकावं कळत नाही.

जरासा उशीर
आमच्या आजीचं माहेर शीख मोहल्ल्याजवळ. लताबाई तिथल्या जन्माच्या, १९२९ च्या, म्हणून आजी त्यांना जवळजवळ नात्यातलीच मानायची. त्यामुळे घरात आशाला प्रवेश नव्हता. आशा म्हणजे क्लबातली गाणी, धूर आणि ग्लास. मीही तेच धरून मोठी झाले. हॉस्टेलवर रूममेटने 'इजाजत'ची कॅसेट आणली. 'मेरा कुछ सामान'. यमक नाही, काही नाही, कुणी पोस्टातून चिठ्ठी पाठवावी तसं, आणि आशाबाई ती वाचता वाचता गातायत. तिने दिवसातून दहा वेळा वाजवलं, अकराव्यांदा मी वाजवलं. पुढे त्या गाण्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

सुट्टीत आजीला ऐकवलं, कोण गातंय ते न सांगता. आजीने शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाली, "लता आज दमलेली वाटते, पण छान गायली."
मी कधीच सांगितलं नाही.

शंख
आजी!! दंडवत.

चिंचेचं पान
ग्वाल्हेर. आईने तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं चावायला लावली होती, गळा गोड होईल म्हणून. गळा काही झाला नाही, दात आंबले. गाणं आणि मी, तेव्हापासून बोलणं बंद. बघू, हा धागा वाचून काही होतंय का.

गल्ली नं. ३
सोन्याच्या साखळ्यांमुळे संगीतकार बप्पीदांकडे (लाहिरी) कधी लक्षच दिलं नाही. १९७६ च्या 'चलते चलते'चं त्या निरोपाच्या गाण्याची चाल त्यांची आहे हे मला पन्नाशीत कळलं. दहावीच्या निरोप समारंभात तेच गाऊन आम्ही अख्खा वर्ग रडलो होतो, पीटीचे सरसुद्धा.

सुदामानगरची सून
आले. कुकरमधली डाळ करपली, ते या धाग्याच्या नावावर घालते.
माझा माणूस कुणी मोठा नाही. आमच्या भजनी मंडळाचे पेटीवाले काका. दर गुरुवारी कोपऱ्यात, मान खाली, भात्यावर हात. आम्ही बारा बायका गाणार आणि पुढे उभं कोण राहायचं यावर भांडणार. काकांना चहा द्यायचा राहिला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. एका गुरुवारी ते आले नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. आम्ही म्हटलं, रोजचीच भजनं, त्यात काय! सुरुवात काळी एकच्या पट्टीत केली असेल, आरतीपर्यंत कुठे चढलो देव जाणे. शेवटच्या ओळीला आठ जणी गप्प, चौघी किंचाळतायत, आणि समोर बसलेल्या मंडळींच्या माना खाली. तेव्हा कळलं, काका दर आठवड्याला आमचा पदर धरून ठेवत होते. आता पहिला चहा त्यांना. साखर कमी, ते पण माहीत झालंय.

ठेका
@सून, चहा साथीदाराला आधी. हे सोनेरी अक्षरांत लिहा कुणीतरी.

रात्रपाळी
सुई मिळाली का ताई?

रामबागची
(धागा माझाच.) सगळ्यांचं वाचतेय, घर आवरता आवरता. मामी, तुमचं दोनदा वाचलं. जेल रोडला तीन दुकानं फिरले. दोघांनी मोबाईलचं कव्हर दाखवलं, तिसऱ्याने आतून एक डबी काढली, सुई मिळाली. घरी आणून लावली तर प्लेअरचा रबरी पट्टा चिकट होऊन सैल पडलेला. तबकडी फिरतेय ती इतकी हळू की खाँसाहेबांची विलंबितसुद्धा द्रुत वाटावी. दादा दारातून म्हणाला, "सुरू कधी होणार?"
मी म्हटलं, झालंय की.
पट्टा कुठे मिळेल कुणाला माहीत आहे का?

पोहेवाला भिया
त्याच तिसऱ्या दुकानात. पण दुपारी तीननंतर जा, आधी तो जेवायला गेलेला असतो.