रुळांच्या कडेचा सायकलमार्ग मध्येच तुटायला नको
पणजी ते जुने गोवे लाइट रेल (ट्रामसारखी हलकी शहरी रेल्वे) झाली तर कडेने सायकलमार्गही हवा, या सूचनेला मनापासून पाठिंबा. रुळांना चढ कमी लागतो, त्यामुळे शेजारून सायकल दामटायलाही त्रास नाही. लॉस एंजेलिसला एक्स्पो लाइन ही लाइट रेल २०१६ मध्ये सांता मोनिकापर्यंत गेली, सोबत सायकलमार्गही आला; पण वाटेतल्या नॉर्थवेल भागात तो तुटला आणि सायकलवाले रस्त्यावर आले. आपल्याकडे पणजीतल्या दिवजा सर्कल या चौकात हेच होईल, अशी मला धास्ती वाटते. पुढे वाटेतला रायबंदरचा बांधावरचा रस्ता तर आधीच अरुंद! आणि रूळ ओलांडायची जागा काटकोनातच हवी. तिरकं गेलं की चाक रुळाच्या खाचेत अडकतं, पावसात ओल्या लोखंडावरून टायर सरकतो तो वेगळाच.