अनुभव धागा: वसरीत लागतं, मागच्या खोलीत तुटतं (घरचं मेश वायफाय आणि फोन)

माटोळी
काल तिन्हीसांजेला शेजारची मुलगी आमच्या पायऱ्यांवर येऊन बसली. नवरा बोटीवर, त्याचा फोन यायचा होता. त्यांच्या घरी गेल्या महिन्यात मेश बसवलंय, म्हणजे घरभर एकच वायफाय पसरवणारे तीन डबे. तेव्हापासून तिचा फोन चालता चालता वायफाय सोडतो आणि कॉल अडकतो. म्हणून ती आमच्या वायफायवर बोलायला आली होती. तिचा चेहरा बघून मला २०२१ चा पावसाळा आठवला आणि रात्री झोप लागली नाही.

आमचं घर फोंड्याकडे. जुनं, चिऱ्याचं, मधे राजांगण म्हणजे उघडा चौक, भिंती हातभर जाड. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली, तिची खोली अगदी मागे. भाऊ तारवटी, बोटीवर कामाला. कोविडमुळे त्याला कुठल्याच बंदरावर उतरू देत नव्हते आणि बोटीवर नेट मोजून मिळायचं. फोन यायचा वसरीत, म्हणजे पुढच्या पडवीत. मी तो घेऊन आईकडे धावायची आणि राजांगण ओलांडलं की चित्र गोठायचं. आई विचारायची, "कापलो?" रोज तेच. आईच्या उशाशी मेशचा डबा होता, हिरवा दिवा लागलेला, तरी फोन मात्र वसरीतल्याच डब्याला चिकटून बसलेला.

दोन आठवड्यांनी लक्षात आलं की मधला डबा लोखंडी कपाटावर होता आणि तीन भिंतींपलीकडून सिग्नल ओढत होता. तो राजांगणाच्या खांबापाशी, छातीएवढ्या उंचीवर आणला. तिथून वसरीचंही दार दिसतं आणि आईच्या खोलीचंही. त्या रात्री आई आणि भाऊ चाळीस मिनिटं बोलले, बहुतेक सगळं जाईच्या वेलीबद्दल. त्यानंतर आई फार दिवस राहिली नाही.

तुमच्याकडे फोन मेश का सोडत होता आणि शेवटी काय केलंत, ते लिहा. त्या मुलीला दाखवायचंय.

रातांबा
कपाट!! आमच्याकडेही तेच, वर आणि कपाटाला आरसा. डबा हलवला आणि संपलं. बाकीचं नंतर लिहिते, कुकर लागलाय.

तारवटीचीबायको
माटोळी ताई, वाचून गळा दाटला. माझेही सात महिने बोटीवर असतात.
माझं दुखणं वेगळं निघालं. वायफाय तुटतच नव्हतं, फोनच ते सोडून मोबाइल डेटावर जायचा. सेटिंगमध्ये एक पर्याय असतो, वायफाय कमकुवत वाटलं की आपोआप डेटावर जा. आमच्या गावात डेटाला रेंजच नाही, म्हणजे फोन आगीतून फुफाट्यात. अँड्रॉइडवर वायफायच्या प्रगत सेटिंगमध्ये बघा, आयफोनवर मोबाइल डेटाच्या पानाच्या तळाशी 'वायफाय असिस्ट' म्हणून आहे. बंद केलं. आता कॉल क्षणभर अडखळतो पण तुटत नाही.

चिऱ्याचीभिंत
बार्देशात लाईन ओढायचं आणि डबे बसवायचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. कुठल्या डब्याला धरायचं हे फोन ठरवतो. डबा फार तर सुचवतो. आयफोन -७० डीबीएमच्या (सिग्नल मोजायचं माप, शून्याकडे जास्त तेवढा चांगला) खाली सिग्नल गेला तरच दुसरा डबा शोधायला लागतो, त्याच्या वर असला तर शेजारी कितीही चांगला डबा असो, बघत नाही. अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक वेगळं. म्हणून डबे फार जवळ जवळ ठेवले तरी घोटाळा होतो, फोन जुन्याला सोडतच नाही. लोक तीन खोल्यांना तीन डबे घेतात आणि मग मला बोलावतात. मी एक काढून ठेवायला सांगतो, त्यांना पटत नाही, मग पटतं.

दुसरी, चिरा. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झ दोन चिऱ्याच्या भिंतींपलीकडे जवळजवळ संपतं. २.४ जरा तग धरतं, पण त्यावर मायक्रोवेव्ह, ब्लूटूथ, शेजाऱ्यांचं वायफाय सगळ्यांची गर्दी. त्यात पावसात भिंत पाणी प्यायली की आणखी वाईट. जुन्या घरात डबा भिंतीला नव्हे, वाटेला ठेवायचा. दार, खिडकी, चौक. माटोळी ताईंनी केलं तेच बरोबर. आणि जमलं तर डब्यांमधे केबल टाका. वाशांच्या कडेने, कौलांखालून नेता येते. पाइपातूनच न्या, उंदीर सोडत नाहीत.

तिसरी, आणि माझ्याकडे याच तक्रारी सगळ्यात जास्त येतात. कंपनीवाला फायबरचा जो डबा लावून जातो, तो स्वतःही वायफाय सोडतो. घरचे लोक सोयीसाठी मेशलाही तेच नाव आणि तोच पासवर्ड देतात. मग फोन कधी याला धरतो कधी त्याला. पण ही दोन वेगळी जाळी, प्रत्येकाचा आयपी पत्ता वेगळा. फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसते आणि कॉल मरतो. फायबरच्या डब्याचं वायफाय बंद करा, मेशला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे मेश नुसतं वायफाय पसरवेल आणि पत्ते एकच जण वाटेल. त्या मुलीच्या घरी आधी हे बघा.

रातांबा
आले. आमच्या सासूबाई त्या डब्याला दिवा लावलेला बघून रोज नमस्कार करतात, त्यामुळे आता तो हलवता येत नाही 😄 जागा मात्र योग्य आहे.

पेडण्याचाबाब
नेटवर्कवरून आठवलं, २०२० साली सत्तरी आणि सांग्याकडची पोरं शाळेसाठी डोंगरावर चढायची. छत्री, पुस्तकं, फोन. पेपरात फोटो आले होते. आज घरात डबे बसवून भांडतोय आपण. असो. माझ्या फोनला मेश दिसतं, जोडतं आणि 'इंटरनेट नाही' म्हणून सोडतं. कोणाला झालंय?

सांगे_डोंगर
बाब, त्या पोरांतला एक मी. बारावी. खडकावर ताडपत्री बांधली होती, खाली जळवा. एक तास वर्ग, एक तास उतरणं. अजून तिथे गेलो की फोन आधी वर धरतो, हाताची सवय.
आता घरी फायबर आहे, मेश आहे, आणि फक्त बाबांचाच फोन तुटायचा. बाकी चौघांचे ठीक. जुना फोन. मेशमध्ये पासवर्डची सुरक्षा डब्ल्यूपीए३ (नवी) आणि २ (जुनी) मिश्र होती आणि 'फास्ट रोमिंग' चालू होतं, फोनने एका डब्यावरून दुसऱ्यावर पटकन जावं म्हणून, ते ८०२.११आर म्हणतात ते. काही जुन्या फोनांना ते समजत नाही, जोडतात आणि पडतात. फास्ट रोमिंग बंद करून, सुरक्षा नुसती डब्ल्यूपीए२ केली. त्या दिवसापासून बाबांचं भजन सलग चालतं.
एक सांगतो, दोन्ही एकदम बदलू नका. मी बदललं, त्यामुळे नेमकं कशाने बरं झालं ते कळायला पुन्हा एकेक चालू करावं लागलं. दोष फास्ट रोमिंगचा निघाला. डब्ल्यूपीए३ परत चालू आहे, काही त्रास नाही.

पेडण्याचाबाब
जळवा! देवा. शाबास रे पुता.

फोंडेकरीण
@पेडण्याचाबाब, वीज लुकलुकते का तुमच्याकडे? आमच्याकडे जून लागला की दिवसातून पाच-सहा वेळा जाते-येते. इन्व्हर्टरवर मेशचे डबे होते, पण फायबरचा डबा वेगळ्या प्लगला. वीज गेली की तो बंद, परत चालू व्हायला त्याला दोन-तीन मिनिटं. तोवर मेश जिवंत, पण मागे काहीच नाही. फोन म्हणतो इंटरनेट नाही आणि निघून जातो, आणि काही फोन नंतर लवकर परतही येत नाहीत.
बारा व्होल्टचा मिनी यूपीएस आणला, फायबरचा डबा त्यावर. ॲडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर किती लिहिलेत ते बघून घ्या, सगळ्यांना बारा लागत नाहीत. आणि गडगडायला लागलं की प्लग काढायचाच. फायबर काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण प्लगातून येते. गेल्या मे महिन्यात टीव्ही त्यानेच गेला.

रातांबा
मे महिन्यावरून, कोणाची कोकमाची सोलं वाळली का नीट यंदा? आमची दोन वेळा भिजली.

फोंडेकरीण
आमचीही. रसाचा शेवटचा पूट पंख्याखाली दिला. रंग बरा आलाय पण वास तो नाही.

अबोली_म्हापसा
सोलांच्या मधे माझं घुसवते 🙂
मुलाचा फोन साधारण दोन आठवड्यांनी एकदा वायफायवरून कायमचा पडायचा. पासवर्ड बरोबर, तरी नाही. आम्ही मेशमध्ये 'फक्त ओळखीच्या फोनांना प्रवेश' ठेवलं होतं, लहान मुलं आहेत म्हणून. फोन मात्र खरा पत्ता न देता खाजगी वायफाय पत्ता देतात. आयओएस १८ पासून त्यात 'फिक्स्ड' आणि 'रोटेटिंग' असे पर्याय आहेत, रोटेटिंगवर तो सुमारे दोन आठवड्यांनी बदलतो. मुलाने कधीतरी ते निवडलं होतं. मेशला वाटायचं, हा कोण नवा? घरच्या वायफायसाठी 'फिक्स्ड' ठेवलं, बाहेर कॅफेत वगैरे रोटेटिंगच असू दे, चांगलं आहे ते.
मी मात्र त्या पोराला महिनाभर विनाकारण ओरडले. नंतर जवळ घेऊन माफी मागितली.

आणि सासऱ्यांचा फोन फक्त पडद्याचा दिवा विझला की सुटायचा. बॅटरी सेव्हर. तो काढला.

तारवटीचीबायको
बॅटरी सेव्हर! रात्री दोनला ह्यांचा कॉल यायचा आणि माझा फोन वाजायचाच नाही. सकाळी मिस्ड कॉल बघून दिवस जायचा. आत्ताच बघितलं, चालू होता. खूप आभार गो.

घुमट
वास्कोकडचा. आमच्याकडे ५ गिगाहर्ट्झचं नाव मधेच नाहीसं व्हायचं, मिनिटभराने परत. सगळे फोन एकदम पडायचे, म्हणजे फोनांचा दोष नव्हे. मेशची नोंदवही उघडली तर 'रडार डिटेक्टेड'. ५ गिगाहर्ट्झच्या मधल्या काही चॅनलांवर, ५२ ते ६४ आणि १०० ते १४४, रडारचा पहिला हक्क. चाहूल लागली की डब्याने जागा सोडायची. तशीच दुसरी जागा घ्यायची तर आधी निदान मिनिटभर ऐकत बसायचं. मी हौसेने चॅनलची रुंदी १६० मेगाहर्ट्झ ठेवली होती, ती या चॅनलांत शिरतेच. ८० केली, चॅनल ३६ ठेवलं. वेग कागदावर कमी झाला, पण तुटणं बंद. मुलीच्या मुलाखती सुरू होत्या तेव्हा, नाहीतर मी एवढं खोदलं नसतं.
'सगळ्यांचं एकदम पडतं की एकाचंच' हे आधी बघा. अर्धा शोध तिथेच होतो.

चिऱ्याचीभिंत
घुमट, अगदी. मीही गेल्या गेल्या हेच विचारतो. मुलीच्या मुलाखतीचं काय झालं?

घुमट
लागली पुण्याला. आता घर रिकामं आणि वायफाय एकदम झकास.

माटोळी
सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी त्या मुलीकडे गेले, धागा हातात धरूनच. चिऱ्याचीभिंत म्हणाले तेच. फायबरच्या डब्याचंही तेच नाव, तोच पासवर्ड. तिच्या दिराने त्याचं वायफाय बंद केलं आणि मेश ॲक्सेस पॉइंटवर टाकलं. मग तिच्या फोनमधून जुनं नेटवर्क विसरायला लावून नव्याने जोडलं. बॅटरी सेव्हरही चालू होता, तो काढला.
साडेसातला कॉल आला. ती वसरीतून निघाली, माजघर, स्वयंपाकघर, मागचं दार, विहिरीपर्यंत गेली. मी पायरीवर उभी राहून बघत होते. तो पलीकडून म्हणाला, विहिरीला पाणी किती चढलंय दाखव. तिने फोन आत धरला. दिसलं त्याला.
मी घरी आले आणि भावाला फोन लावला. काही काम नव्हतं.

तारवटीचीबायको
🙏🙏 रडवलंत.

पेडण्याचाबाब
फोंडेकरीण बाय, तेच निघालं. फायबरचा डबा साध्या प्लगला होता. मिनी यूपीएस म्हापशाला मिळेल ना?
@चिऱ्याचीभिंत, बाब, पेडण्याला येता का? मधल्या खोलीत केबल न्यायची आहे वाशांवरून. चवथीला मुंबईचे सगळे येणार, वीस फोन.

चिऱ्याचीभिंत
येतो. चवथीच्या आठवडाभर आधी बोलवा. एकदा गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधली की मला शिडी लावायला जागा मिळत नाही.