'सुपरस्तितिओ'ला मराठीत काय म्हणायचं?

मूळ प्रश्न

रोमन अधिकारी धाकट्या प्लिनीने रोमच्या ट्रेजन बादशहाला ख्रिस्ती लोकांबद्दल लिहिलेलं पत्र मराठीत आणतेय. लॅटिन कामापुरतं येतं. प्लिनी तेव्हा, म्हणजे इ.स. ११०च्या जरा पुढेमागे, काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पोंतुस प्रांताचा कारभार बघत होता. पत्राचा मधला भाग सरळ आहे, पण एका वाक्यावर गाडी अडलीय. हे लोक नक्की करतात तरी काय हे कळावं म्हणून त्याने दोन दासींचा छळ करून चौकशी केली. (त्यांना तिथे 'सेविका' म्हणत.) हाती काय लागलं, तर 'सुपरस्तितिओ', तीही 'प्रावा' आणि 'इम्मोदिका'. मी पहिल्या खर्ड्यात 'विकृत आणि बेसुमार अंधश्रद्धा' लिहिलं. परत वाचलं तर प्लिनी एकदम अंनिसचा कार्यकर्ता वाटायला लागला. दुसरा शब्द सुचतो का कुणाला?

प्रतिसाद १

खटकलं ते बरंच झालं. आपल्या 'अंधश्रद्धे'च्या समोर विज्ञान उभं असतं. प्लिनीच्या मनात तसलं काही नाही. तो स्वतः 'ऑगुर' होता, म्हणजे पक्ष्यांच्या उडण्यावरून देवांचा कौल बघणारा सरकारी मानकरी. हे पद मिळाल्याचा आनंद त्याने एका पत्रात लिहूनही ठेवलाय. शकुन बघणारा माणूस दुसऱ्याला अंधश्रद्धाळू कुठल्या तोंडाने म्हणेल?

रोमनांच्या लेखी 'रेलिगिओ' म्हणजे वाडवडिलांपासून चालत आलेली, राज्याच्या देवांची, ठरल्या रीतीने केलेली पूजाअर्चा. त्या चौकटीबाहेरचं, परकं, अति झालेलं जे काही, ते 'सुपरस्तितिओ'. प्लिनीचे मित्र, इतिहासकार तासितुस आणि चरित्रकार सुएतोनिउस, हेही ख्रिस्त्यांसाठी हाच शब्द वापरतात. तासितुस म्हणतो 'घातक', सुएतोनिउस म्हणतो 'नवी आणि मालेफिका'. तिघंही सरकारदरबारातले, त्यामुळे हा शेरा दफ्तरातला आहे असं समजा.

त्यातला 'नवी' हा शब्द बघा. आपल्याकडे साबणाच्या वडीवर 'नवीन' छापलं की खप वाढतो. रोममध्ये देवाच्या बाबतीत 'नवं' म्हणणं हाच आरोप. ज्यूंचे विधी तासितुसला अजिबात आवडत नाहीत, पण ते जुने आहेत एवढ्यावर त्यांचं समर्थन होतं, हे तो नोंदवतो. ख्रिस्त्यांकडे तेवढाही आधार नव्हता.

'मालेफिका'त चेटूक-करणीची छटा आहे. आपल्या २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या नावात 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही, 'अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा' असं आहे. सुएतोनिउसला ते नाव पटलं असतं.

माझी सूचना: पाखंड. अशोकाच्या शिलालेखांत 'पासंड' म्हणजे नुसता पंथ, त्यात निंदा नाही. पुढे तोच शब्द 'आपल्या मार्गाबाहेरचे ते' असा झाला.

प्रतिसाद २

व्युत्पत्ती छान, पण आजच्या वाचकाला 'पाखंड' म्हटलं की ढोंगी बाबा दिसतो. हिंदी वाहिन्यांनी तो शब्द पार खाल्लाय. आणि इथे ढोंगाचा आरोप नाहीच, उलट आहे! प्लिनी आरोपीला तीनदा विचारतो, 'तू ख्रिस्ती आहेस का?' मध्ये शिक्षेची धमकीही देतो. नाही म्हणणाऱ्यांसाठी चाचणी सोपी: देवांचं नाव घ्या, बादशहाच्या मूर्तीपुढे धूप जाळा, मद्य ओता, ख्रिस्ताला शिव्या द्या, आणि घरी जा. म्हणजे चिमूटभर ढोंग केलं असतं तर जीव वाचत होता. हो म्हणत राहिलेल्यांना मरणाची शिक्षा. त्यांचा गुन्हा काय असेल तो असो, हा अडेलतट्टूपणाच शिक्षेला पात्र आहे, असं तो साफ लिहितो. (त्यांच्यातले रोमन नागरिक मात्र रोमला पाठवायचे. कागदपत्रं चोख.)

प्रतिसाद ३

विषयाला धरून एक उपप्रश्न. ख्रिस्त्यांना 'नास्तिक' म्हटलं जायचं हे वाचून हसू यायचं, पण आपल्या परंपरेतला जुना अर्थ घेतला की कोडं सुटतं. मनुस्मृतीत 'नास्तिको वेदनिन्दकः' आहे. ईश्वर आहे की नाही हा तिथे मुद्दाच नाही, मान्य प्रमाण झुगारलं की नास्तिक. ग्रीक 'आथेओस'चंही तसंच: गावाच्या देवांना हात न जोडणारा. स्मिर्नाच्या म्हाताऱ्या बिशप पॉलिकार्पला प्रांताधिकारी म्हणाला, 'नास्तिकांचा नायनाट होवो' एवढं म्हण. त्याने भरल्या क्रीडागारातल्या गर्दीकडे हात केला आणि म्हटलं, 'नास्तिकांचा नायनाट होवो!' तेव्हा मराठीत खुशाल 'नास्तिक'च ठेवा, तळटीप द्या.

धागाकर्ती

मस्त! आता लगेहात त्याच पत्रातल्या 'हेतायरिआ'चंही सांगा. हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी पहाटेच्या आधी जमायचे, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणायचे, चोरी-व्यभिचार करणार नाही अशी शपथ घ्यायचे, मग पुन्हा एकत्र जेवायचे. जेवण 'साधं, निरुपद्रवी' होतं असं प्लिनी मुद्दाम लिहितो. पण 'हेतायरिआ'वर बंदीचा हुकूम निघाल्यावर हे बंद केलं, असं काहींनी सांगितलं. मी 'गुप्त संघटना' लिहिलंय.

प्रतिसाद २

'मंडळ' लिहा, गुप्त नको. त्याच प्लिनीने निकोमिडिया शहरात मोठी आग लागल्यावर १५० जणांचं अग्निशामक पथक काढायची परवानगी मागितली होती. ट्रेजनने नाकारली. कारण काय, तर लोक एकत्र आले की नाव काहीही द्या, त्याचं मंडळच होतं. बंब-बादल्या ठेवा आणि घरमालकांनाच विझवू द्या. जो बादशहा आग विझवणाऱ्यांनाही घाबरतो, त्याला पहाटे जमणाऱ्यांबद्दल काय वाटणार? तरीही त्याचं उत्तर मोजूनमापून आहे: यांना शोधत फिरू नका, कुणी समोर आणलं आणि सिद्ध झालं तर शिक्षा करा, निनावी तक्रारी घेऊ नका, 'आपल्या काळाला ते शोभत नाही.' गुन्हा आहे, पण शोधायचा नाही! तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकाने पुढे नेमकं यावरच बोट ठेवलं.

प्रतिसाद ४

माझी भर व्याकरणाची. इ.स. ६४च्या रोमच्या आगीनंतर नेरो बादशहाने ख्रिस्त्यांना धरलं. तासितुस म्हणतो, आग लावण्यापेक्षा 'ओदिउम हुमानी गेनेरिस'साठी ते दोषी ठरले. 'मानवजातीचा द्वेष'. यातली षष्ठी मराठीतही तितकीच निसरडी आहे: मानवजात त्यांचा करते तो द्वेष, की ते मानवजातीचा करतात तो? बहुतेक अभ्यासक दुसरा अर्थ घेतात. सणाला येत नाहीत, बळीचं मांस खात नाहीत, म्हणजे माणसांत नाहीत. मी तरी शब्द तसाच ठेवीन, सोडवायला जाणार नाही.

आणि कृपा करून मारल्या गेलेल्यांना 'हुतात्मा' लिहू नका. हुत म्हणजे अग्नीत आहुती दिलेलं. वेदीवरच्या अग्नीत धूप टाकायला नकार दिला म्हणून जे मेले, त्यांना हुतात्मा? ग्रीक 'मार्तिस' म्हणजे साक्षीदार. मराठी ख्रिस्ती लेखनात 'रक्तसाक्षी' हा नेमका शब्द आहे.

प्रतिसाद १

'हुतात्मा'बद्दल असहमत. शब्द रुळला की व्युत्पत्ती मागे पडते, फोर्टातल्या हुतात्मा चौकात होम आठवत नाही. पण 'रक्तसाक्षी' सुंदर आहे, मान्य.

'पाखंड' मी मागे घेतो. मूळ पत्र पुन्हा काढलं. शेवटाकडे प्लिनी म्हणतो की या सुपरस्तितिओचा संसर्ग शहरांतच नाही, खेड्यांत आणि शेतवस्त्यांतही पोचलाय. देवळं ओस पडली होती, बळीच्या मांसाला गिऱ्हाईक मिळत नव्हतं, आता जरा सुधारतंय. मराठीत असं काय असतं जे डोक्यात शिरतं, प्रमाणाबाहेर जातं, गावभर पसरतं आणि ज्याला वरून बघणारा तुच्छतेने नाव देतो?

खूळ!

धागाकर्ती

अरे! 'हाती लागलं ते एवढंच: एक वेडंवाकडं, बेताल खूळ.' आणि पुढे 'या खुळाची लागण'. बसतंय. 'देवखूळ' करून बघितलं, पण ते घडवलेलं वाटतं.

प्रतिसाद ४

एक कसोटी लावा. इ.स. ३४१मध्ये कॉन्स्टँटियस या ख्रिस्ती बादशहाचा कायदा आहे, सुरुवात अशी: 'केस्सेत सुपरस्तितिओ'. शब्द तोच, पण आता तो जुन्या देवांच्या पूजेसाठी. पुढे बळी देण्याच्या 'वेडा'वर बंदी. तिथे चालतो का?

धागाकर्ती

'हे खूळ थांबलं पाहिजे, बळींचं वेड बंद झालं पाहिजे.' चालतो की. 'अंधश्रद्धा' काढून टाकली.