शब्दचर्चा : घोड्यांच्या शर्यतीतली ‘लेंथ’

प्रश्न :
अमेरिकेतल्या गाजलेल्या शर्यतीच्या घोड्यांवर मुलांच्या अंकासाठी लिहायला घेतलंय आणि सेक्रेटरिएटपाशी अडले आहे. 9 जून 1973, बेलमाँट स्टेक्स, ‘वन बाय थर्टीवन लेंथ्स’. ‘31 लांबीने जिंकला’ असं लिहिलं, तर घरच्यांनीच विचारलं, कशाची लांबी? ‘31 घोड्यांनी जिंकला’ म्हणावं तर एकतीस जणांना हरवल्यासारखं वाटतं, आणि धावले होते पाचच. शिवाय पुढे नाक, डोकं, मान ही मापंही येणार आहेत. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद :
ताई, मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सला जाणारी मंडळी सरळ ‘लेंथ’च म्हणतात. ‘दोन लेंथने मारली.’ तेच ठेवा, उगाच खटाटोप कशाला?

प्रतिसाद :
रेसकोर्सवरच्या माणसाला ‘लेंथ’ पुरेल, पण दहा-बारा वर्षांच्या पोराला नाही. आधी माप काय आहे ते बघू, मग शब्द.

लेंथ म्हणजे नाकापासून शेपटीपर्यंत एक घोडा, साधारण आठ फूट. 31 लेंथ म्हणजे पंचाहत्तर मीटरच्या आसपास. ऐकायला काटेकोर वाटतं, प्रत्यक्षात तसं नाही. त्या काळी शर्यतीचा तक्ता लिहिणारा माणूस दुर्बीण लावून नजरेनेच अंतरं सांगायचा. सेकंदाला पाच लेंथ हा अमेरिकेतला जुना ठोकताळा. त्याने 31 लेंथ म्हणजे सहा सेकंदांहून थोडं जास्त. पण सेक्रेटरिएटने ते दीड मैल 2 मिनिटं 24 सेकंदांत संपवले, म्हणजे ताशी साठ किलोमीटर. त्या वेगाने पंचाहत्तर मीटरला साडेचार सेकंदच लागतात. दोन हिशोब जुळत नाहीत, आणि ते जुळवायच्या फंदात कुणी पडतही नाही. मॅन ओ’वॉरचं बघा. 1920 च्या लॉरेन्स रिअलायझेशनमध्ये दोनच घोडे धावले आणि तो ‘100 लेंथने’ जिंकला अशी नोंद आहे. हा शंभर कुणी टेप लावून मोजलेला नाही, हे उघड आहे.

म्हणून माझं मत असं, की मुलांसाठी आकड्याच्या जोडीला चित्र द्या. बेलमाँटला पहिले सहा फर्लांग, म्हणजे पाऊण मैल, सेक्रेटरिएट आणि त्याचा प्रतिस्पर्धी शॅम खांद्याला खांदा लावून धावले, 1 मिनिट 9.8 सेकंदांत. दीड मैलाच्या शर्यतीसाठी हा वेग आत्मघातकी होता. शॅम त्यात संपला, पाचांत पाचवा आला. सेक्रेटरिएट मात्र वेग कमी करायला तयारच नव्हता. शेवटच्या टप्प्यात मागे कुणी उरलंच नाही, तेव्हा जॉकी रॉन टरकॉट मान डावीकडे वळवून घड्याळाचा फलक बघतोय, असा फोटो आहे. जॉकीने प्रतिस्पर्धी सोडून घड्याळ बघावं, यात 31 चा अर्थ पोराला बरोबर कळेल. मातीच्या धावपट्टीवर दीड मैलाची ती वेळ अजून कुणी मोडलेली नाही.

प्रतिसाद :
वरच्या दादांचं पटलं, पण शब्दाचा प्रश्न राहिलाच. मराठीत अंगाने मोजायची पद्धत जुनीच आहे. वीत, हात, वाव. आमच्याकडे विहीर अजून परसात मोजतात, ‘चार परस खोल’. परस म्हणजे पुरुष, हात वर करून उभा राहिलेला माणूस. विहिरीत चार माणसं उभी आहेत असं कुणालाही वाटत नाही. मग ‘31 घोडे पुढे’ का चालू नये? अडचण ‘घोड्यांनी’ या तृतीयेची आहे, ‘घोडा’ या शब्दाची नाही. ‘दुसऱ्या क्रमांकाच्या ट्वाइस अ प्रिन्सच्या 31 घोडे पुढे’ असं लिहिलं, की संदिग्धता जाते. पहिल्यांदा एक वाक्य खुलासा द्यावा : एक घोडा म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर.

लहान मापांना तर ‘भर’ आयताच हाताशी आहे. बोटभर, वीतभर म्हणतो तसं नाकभर, डोकंभर, मानभर. ‘नाकाच्या फरकाने’ला वर्तमानपत्री वास येतो.

प्रश्नकर्ती :
‘भर’ फारच आवडलं! पण डोकंभर मोठं की मानभर? दोन्ही एकाच लेखात येतात.

प्रतिसाद :
मान मोठी. नाक सगळ्यांत लहान, मग डोकं, मग मान, मग अर्धा घोडा. क्रम लक्षात ठेवायला 1978 सालाइतकं सोयीचं साल नाही. अफर्म्ड आणि अलिडार तिन्ही मोठ्या शर्यतींत समोरासमोर होते. केंटकी डर्बी अफर्म्डने दीड घोड्याने जिंकली, प्रीकनेस मानभर, बेलमाँट डोकंभर. दर खेपेला अलिडार जवळ येत गेला आणि तिन्ही वेळा दुसराच आला. अफर्म्डवर अठरा वर्षांचा स्टीव्ह कॉथन होता. बेलमाँटच्या शेवटच्या टप्प्यात त्याने उजवा हात मोकळा नाही म्हणून डाव्या हाताने चाबूक चालवला. या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकल्याचा तिहेरी मुकुट अफर्म्डला मिळाला, आणि पुढचा थेट 2015 साली, अमेरिकन फॅरोहला.

(‘दीड घोड्याने’ लिहून मीच हसलो. अपूर्णांकाला ‘लेंथ’ बरी.)

प्रतिसाद :
जाता जाता. लेखात ‘अपसेट’ची गोष्ट येणार असेल तर जपून. मॅन ओ’वॉर 21 शर्यतींपैकी एकच हरला, 13 ऑगस्ट 1919 ला सॅराटोगात, आणि ज्याच्याकडून हरला त्या घोड्याचं नाव खरोखरच अपसेट होतं. त्यावरूनच अनपेक्षित पराभवाला ‘अपसेट’ म्हणू लागले, असं ठिकठिकाणी छापलेलं सापडेल. ते खोटं आहे. शर्यतींच्या बातम्यांत त्या अर्थाने हा शब्द एकोणिसाव्या शतकातच येत होता. हरण्याची कारणं मात्र लिहा. त्याच्या पाठीवर 130 पौंड आणि अपसेटवर 115. त्यात तेव्हा सुटायच्या जागी आजच्यासारखे खण नव्हते, आडव्या पट्ट्या वर उचलल्या की पळायचं. तिथेच तो मागे राहिला.